कृपादान आणि इसार: दान ओळखायचं कसं, वापरायचं कसं आणि पुनरुत्थानाची वाट बघायची कशी

सलाम सगळ्यांना. मागच्या महिन्यात घरगुती प्रार्थना झाल्यावर चहा घेता घेता आमच्यातल्या एका पोरानं विचारलं, दादा सगळे म्हणतात पवित्र आत्म्यानं प्रत्येकाला काहीतरी कृपादान दिलंय, मग माझं कुठंय, मला ना गाता येतं ना माईकवर बोलता येतं. कृपादान म्हणजे दुसऱ्यांच्या भल्यासाठी आत्म्यानं फुकट दिलेली देणगी. पोरगा शिरोलीत सीएनसी मशीनवर काम करतो, शिफ्ट करून तसाच आला होता, आणि विचारताना आवाज एकदम बारीक झाला त्याचा. उभ्या उभ्या काहीतरी सांगितलं मी, पण घरी आल्यावर वाटलं अर्धंच सांगितलं. म्हणून आता नीट बसून लिहितोय, त्याच्यासाठी आणि ज्यांना ज्यांना असं वाटतं त्यांच्यासाठी. मी पाळक नाही, बायबल कॉलेजला गेलेलो नाही, पण वीसेक वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये बसून, वाचून, चुकून जे कळलं ते सांगतो.

सुरुवात एका शब्दापासून करूया. प्रेषित पौलानं करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात दोनदा आणि इफिसकरांच्या पत्रात एकदा पवित्र आत्म्याला विसार म्हटलंय. मराठी बायबलात तसंच छापलंय, आपल्या बोलण्यात तो इसार. मूळ ग्रीक शब्द आर्राबोन, तोपण बाजारातलाच, सौदा पक्का करताना आगाऊ जी रक्कम देतात ती.

माझ्या आजोबांनी एकदा म्हैस विकायला काढली होती, गाव हातकणंगले बाजूचं. व्यापारी घरी आला, कास बघितली, दात बघितले, दर ठरला, पण त्याच्याकडं न्यायची सोय नव्हती म्हणून एकशे एक रुपये इसार आजीच्या हातावर ठेवला आणि दसरा झाला की नेतो म्हणाला. आता बघा, ते एकशे एक रुपये खोटे नव्हते. पुढं येणारी बाकी रक्कमही त्याच नोटांत येणार होती, हा तिचाच पहिला भाग. दुसरं म्हणजे अडकला तो व्यापारी, इसार देणाऱ्याचा शब्द गुंततो, तो फिरला तर त्याचेच पैसे बुडतात. आणि तिसरं, आजीनं ते पैसे उतरंडीत ठेवून पुजले नाहीत, दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या शाळेची पुस्तकं आणली त्यातनं. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी भर पावसात तो व्यापारी बाकीचे पैसे घेऊन दारात उभा राहिला.

माझ्या मते कृपादानाचा अख्खा विषय एवढ्यात येतो. देवानं आत्मा दिला तो इसार, पूर्ण रक्कम म्हणजे पुनरुत्थान, नवं शरीर, नवी सृष्टी. इसार म्हणजे आत्मा स्वतः, आणि कृपादानं म्हणजे तो इसार आपल्या हातात खुळखुळतोय त्याचा आवाज. म्हणून मला कृपादान आणि पुनरुत्थान हे दोन वेगळे विषय वाटतच नाहीत. आपण मात्र एकाची शिबिरं घेतो आणि दुसरं फक्त मयताच्या दिवशी आणि ईस्टरला काढतो.

पहिलं काम: १२ ते १५ अध्याय एका बैठकीत वाचा

करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १२, १३, १४, १५. मिळून १४२ वचनं होतात, मोठ्यानं वाचली तरी अर्ध्या तासात संपतात. बारावा कृपादानांचा, तेरावा प्रीतीचा जो प्रत्येक लग्नात वाचतात, चौदावा सभेतल्या शिस्तीचा, पंधरावा पुनरुत्थानाचा. आपण हे तुकडे करून वाचतो म्हणून घोटाळा होतो. पौल चारही गोष्टी एकाच दमात एकाच मंडळीला सांगतोय, आणि ती मंडळी कशी होती तर करिंथ म्हणजे बंदराचं गाव, पैसा खेळता, पौल तिथं दीड वर्ष राहिलेला. कृपादानं भरपूर, कशाचीच कमी नाही असं तो पहिल्याच अध्यायात म्हणतो, आणि भांडणंपण भरपूर. गट पडलेले, एकमेकांवर कोर्टात गेलेले, प्रभुभोजनाला श्रीमंत आधी खाऊन मोकळे आणि गरीब उपाशी, आणि वर काहीजण म्हणणारे की मेलेले उठतच नाहीत. म्हणजे कृपादान असणं आणि माणूस सुधारलेला असणं या दोन गोष्टी एक नाहीत, हे आधीच डोक्यात पक्कं करा, पुढचा निम्मा त्रास वाचतो.

वाचताना पेन्सिल घ्या आणि जिथं जिथं एकमेकांच्या हिताचं, उभारणीचं, उन्नतीचं बोललंय तिथं खूण करा. चौदाव्या अध्यायात तर खुणाच खुणा होतील.

दुसरं: यादी घेऊन परीक्षेला बसल्यासारखं करू नका

हल्ली मोबाईलवर टेस्ट येतात, शंभर प्रश्न सोडवा आणि तुमचं कृपादान कळवतो म्हणून. मी पण दिलीय एक, वाईट नव्हती, पण त्यातनं फार तर तुम्हाला काय आवडतं ते कळतं. बायबलातल्या याद्या बघा, बाराव्या अध्यायात नऊ आहेत, ज्ञानाचं वचन, विद्येचं वचन, विश्वास, निरोग करणं, अद्भुत कार्यं, संदेश देणं म्हणजे देवाकडून आलेलं सांगणं, आत्मे ओळखणं, अन्य भाषा म्हणजे न शिकलेल्या भाषेत बोलणं आणि त्यांचा अर्थ सांगणं. त्याच अध्यायाच्या शेवटी दुसरी यादी, तिच्यात मदत करणारे आणि व्यवस्था पाहणारे पण आले. रोमकरांच्या बाराव्यात सात, तिथं शिकवणं, बोध करणं, दान देणं, दया करणं. इफिसकरांच्या चौथ्यात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक. पेत्र तर दोनच खाती करतो, बोलण्याचं आणि सेवेचं. एकही यादी दुसरीशी जुळत नाही, म्हणजे कुणालाच पूर्ण यादी द्यायची नव्हती. निर्गमच्या ३१ व्या अध्यायात बसालेलला देवाचा आत्मा दिला तो कशासाठी, तर सोनं, चांदी, पितळ आणि लाकडाच्या कारागिरीसाठी. सीएनसीवाल्या भावा, हे तुझ्यासाठी खास लिहिलंय, वाच जाऊन.

तिसरं: गरज कुठं दिसते ते वहीत लिहा

ही युक्ती मला सगळ्यात उपयोगी पडली. सहा आठवडे एक साधी वही ठेवायची. रविवारी उपासनेतनं घरी आल्यावर तीन ओळी लिहायच्या, आज मला काय खटकलं, कुणाचं काय अडलेलं दिसलं, आणि मी काही केलं असेल तर समोरच्याला त्याचा काय उपयोग झाला. एवढंच.

खटकणं महत्त्वाचं आहे. एकाच हॉलमध्ये बसून एकाला दिसतं की नवीन आलेल्या बाईशी कुणी बोललं नाही, दुसऱ्याला दिसतं प्रवचनात वचनाचा अर्थ जरा वाकडा गेला, तिसऱ्याला दिसतं दाराबाहेर चपलांचा ढीग पडलाय आणि म्हाताऱ्या माणसांना पाय ठेवायला जागा नाही. ज्याला जे दिसतं तिथंच बऱ्याचदा त्याचं दान असतं, आपल्याला वाटतं हे तर सगळ्यांनाच दिसत असणार, पण नाही दिसत, खरंच नाही दिसत.

२०१९ च्या ऑगस्टचा महापूर आठवा. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आणि पाणी त्याच्या कितीतरी वर जाऊन बसलेलं. आमच्या मंडळीचे काही जण एका शाळेत पूरग्रस्तांसाठी स्वयंपाक करत होते. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ, प्रत्येकजण पोहेच घेऊन आलेला, लहान पोरांना दूध नाही, दोघा तिघांच्या बीपीच्या गोळ्या घरात पाण्याखाली. आमच्यातले एक काका आहेत, उपासनेत कायम शेवटच्या बाकावर, कधी मोठ्यानं प्रार्थना पण केली नाही त्यांनी. ते एक चारशे पानी वही घेऊन दारात स्टुलावर बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, घरात किती माणसं, कुठली गोळी, कुणाला काय पथ्य, सगळं लिहीत गेले. संध्याकाळपर्यंत ती शाळा सुरळीत चालली होती. पौलानं व्यवस्था पाहण्याला जो ग्रीक शब्द वापरलाय तो नावेचं सुकाणू धरणाऱ्या माणसावरनं आलाय. पुराच्या पाण्यात नाव हाकणारा कोण असतो ते कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. त्या काकांना कुणीतरी म्हणालं, काका हे तुमचं कृपादान आहे, तर ते म्हणाले, कसलं काय, मी आयुष्यभर गोडाऊनलाच होतो की. असू दे की! गोडाऊनला शिकलेलं आत्म्यानं उचललं आणि मंडळीसाठी वापरलं.

चौथं: तीन माणसांना विचारा, मग तीन महिने करून बघा

स्वतःचं स्वतः ठरवू नका. एक तुमच्यावर माया करणारा माणूस, एक तुमची कधी खोटी स्तुती न करणारा, आणि एक पाळक किंवा मंडळीतले वडील, म्हणजे मंडळी सांभाळणारे पुढारी, अशा तिघांना सरळ विचारा की माझ्यामुळं तुमच्या विश्वासाला कधी बळ आलं का, आलं तर कशामुळं. लाजायचं नाही. उत्तर ऐकून तुम्ही चकित व्हाल, कारण आपल्याला वाटतं आपलं गाणं, आणि लोकांना आठवतं आपण हॉस्पिटलमध्ये रात्रभर बसलेलो.

मग जे पुढं येईल ते छोट्या जागी तीन महिने करून बघा. शिकवायचं दान वाटतं तर लगेच पुलपिट मागू नका, संडे स्कूलची लहान पोरं घ्या, सात आठ वर्षांची, ती खोटं लगेच पकडतात. बोध करायचं वाटतं तर आठवड्याला एका आजारी माणसाला भेटा. तीन महिन्यांनी त्याच तिघांना परत विचारा. फळ दिसत नसेल तर दुसरं बघा, त्यात कमीपणा नाही.

आणि एक, ज्याला वाटतं मला खरंच काही नाही, त्यानं पेत्राच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय, दहावं वचन वाचावं. प्रत्येकाला मिळालंय असंच लिहिलंय तिथं.

अन्य भाषा, संदेश आणि निरोग करणं यांचं काय करायचं

आपल्या कोल्हापुरात दोन्ही टोकं आहेत. १८५२ साली अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब आले तिथनं सुरू झालेल्या जुन्या मंडळ्यांत बऱ्याच जणांना वाटतं ही असली दानं प्रेषितांबरोबर संपली, आणि नव्या फेलोशिपमध्ये काहींना वाटतं अन्य भाषा आली नाही तर आत्माच नाही. मला दोन्ही पटत नाही. तेराव्या अध्यायात पौल म्हणतो पूर्णत्व आलं की अपूर्ण जाईल, आणि लगेच पुढं म्हणतो तेव्हा आपण समोरासमोर पाहू. प्रभू समोरासमोर अजून दिसलेला नाही, म्हणून मी म्हणतो इसार अजून चालू आहे. आणि सगळेच भाषा बोलतात काय असं तोच बाराव्याच्या शेवटी विचारतो, त्याचं उत्तर नाही असंच निघतं.

पंडिता रमाबाईंचं केडगाव बघा. १९०५ साली मुक्ती मिशनमध्ये मोठं आत्मिक जागरण झालं, मुली तासन् तास रडून प्रार्थना करायच्या, अन्य भाषा पण झाल्या, जगभर त्याची चर्चा झाली. आणि त्याच रमाबाई हिब्रू, ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणत बसल्या होत्या, १९२२ मध्ये जाईपर्यंत तेच काम. एकाच कंपाउंडमध्ये एकीकडं तो आवाज आणि एकीकडं डिक्शनरी उघडून बसलेली बाई. मला कुणी विचारलं यातलं आत्म्याचं काम कुठलं तर मी सांगेन दोन्ही.

सभेत करायचं असेल तर चौदाव्या अध्यायाचे नियम सरळ पाळा, पळवाट काढू नका. अन्य भाषेत दोघं, फार तर तिघं, एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा पाहिजेच, नसेल तर गप्प बसायचं आणि मनात देवाशी बोलायचं. संदेश देणाऱ्यांनीही दोघा तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी पारखावं. कुणी येऊन म्हणालं देवानं मला सांगितलंय तू ह्या पोरीशी लग्न कर, हा प्लॉट घे, ही नोकरी सोड, तर लगेच उठून पळू नका. वचनाशी जुळतंय का बघा, मंडळीतल्या वडिलांना विचारा, थांबा. खरा संदेश थांबल्यानं मरत नाही. आणि प्रार्थनेसाठी आधी पैसे मागितले तर तिथनं उठून या, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात शिमोन नावाच्या जादूगारानं पैशानं आत्म्याची शक्ती मागितली तेव्हा पेत्रानं त्याला काय सुनावलं ते वाचा.

निरोग करण्याबद्दल मला पोटातनं बोलायचंय. माझ्या आईला शुगर. एका सभेत तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, तू बरी झालीस, आता गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. आई भोळी, तिनं सोडल्या. दीड महिन्यानं पायाला साधी ठेच लागली, जखम भरेना, लपवत राहिली कारण तिला वाटलं आपलाच विश्वास कमी पडला. एक बोट काढावं लागलं. बोट गेलं त्याचं दुःख आहेच पण ती ऑपरेशनच्या आधी रडत म्हणत होती, देवानं मला टाकलं का रं, ते मी विसरू शकत नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, डोक्याला तेल लावून करा, देव बरं करतो असा माझा पूर्ण विश्वास आहे. पण गोळी बंद करायला कधीही सांगू नका, तो निर्णय डॉक्टरचा. पौलानं आपल्या सोबत्याला, त्रफिमला मिलेतात आजारी सोडलं, बरं करता आलं असतं तर केलं नसतं का? तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणाला. लूक तर वैद्यच होता. आणि मिरजेला डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल सुरू केलं, तिथं किती जणांच्या घरची माणसं जगून परत आली ते आपल्या आज्या सांगायच्या. तेही दानच. ज्याच्यासाठी प्रार्थना केली तो बरा झाला नाही तर त्याच्या विश्वासाला दोष देऊ नका. इसार आहे तो, पूर्ण रक्कम नव्हे. सगळे आजार जाणार आहेत, पण ते त्या दिवशी.

प्रीतीबद्दल एकच

तेरावा अध्याय मध्ये उगीच घातलेला नाही. घरात बायकोशी, सुनेशी, कामावरच्या पोराशी बोलताना आवाज कसा असतो, तिथं तुमचं दान तपासलं जातं. सभेत नाही.

पुनरुत्थान समजून कसं घ्यायचं

आधी एक गैरसमज. आपल्या शेजारीपाजारी पुनर्जन्म शब्द चालतो, त्यामुळं पुनरुत्थान म्हटलं की लोकांना तेच वाटतं. तसं नाही. परत दुसऱ्याच्या पोटी येणं नव्हे. आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना जे वाटतं की आत्मा उडून स्वर्गात गेला, संपलं, तेवढंच पण नाही. आपण मतांगिकारात, म्हणजे उपासनेत विश्वासाची कबुली देतो त्यात, शरीराचं पुनरुत्थान म्हणतो, शरीराचं, लक्ष देऊन म्हणा एकदा. येशू उठला तेव्हा शिष्यांना वाटलं भूत आहे, तर त्यानं भाजलेला मासा मागून खाल्ला. थोमाला हाताचे व्रण दाखवले. शरीर तेच, व्रण तेच, पण मरण त्याला परत शिवणार नाही. पौल साक्षीदारांची नावं देतो, केफा म्हणजे पेत्र, बारा जण, पाचशेपेक्षा जास्त भाऊ एकाच वेळी, त्यातले बरेच अजून हयात आहेत म्हणतो, मग याकोब, आणि शेवटी मी. म्हणजे जा आणि विचारा असंच म्हणतोय तो.

आता मेलेले कसल्या शरीरानं येणार, हा प्रश्न करिंथमध्येही कुणीतरी विचारला होता, आणि पौल जरा चिडूनच म्हणतो, अरे तू पेरतोस ते मेल्याशिवाय जिवंत होतं का. तो गव्हाच्या दाण्याचं सांगतो. आपण उसाचं बघूया. जुलै ऑगस्टमध्ये आडसाली लागण चालू असते तेव्हा कुणाच्या तरी रानात जा. दोन डोळ्यांची कांडी सरीत पाणी सोडून पायानं चिखलात दाबतात. पंधरा वीस दिवसांनी एखादी हळूच उकरून बघा, कांडी काळपट पडलेली, हाताला चिकट, आंबूस वास येतो, बघणाऱ्याला वाटेल वाया गेली. आणि डोळ्याच्या जागी पांढरट हिरवा कोंब, बोटभर, वरची माती ढकलत निघालेला. कांडीचाच कोंब आहे, दुसऱ्या कशाचा नाही, पण पुढं जो डोक्याच्या वर ऊस उभा राहणार आहे त्याचं त्या कांडीत काय दिसत होतं? विनाशीपणात पेरलं जातं, अविनाशीपणात उठवलं जातं. आपल्याकडं मयताला गेलो म्हणत नाहीत, मातीला जाऊन आलो म्हणतात. मला तो शब्द त्या दिवसापासनं वेगळाच ऐकू येतो.

मयताच्या घरी गेल्यावर

इथं आपली आशा खरी कामाला लागते आणि इथंच आपण सगळ्यात जास्त चुकतो. पहिल्या दिवशी वचनांचा मारा करू नका. देवाची इच्छा होती, तो चांगल्या जागी गेला, रडू नका आपल्याला आशा आहे, हे असलं बोलू नका. पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलंय की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेदच करू नका असं नाही लिहिलेलं. येशूला माहीत होतं की पाच मिनिटांत लाजर बाहेर येणार आहे, तरी तो रडला. मग आपण कोण मोठे लागून गेलो.

जा, शेजारी बसा, हात धरा. त्या घरात चूल पेटलेली नसते, भाकरी आणि पिठलं करून न्या, पोरांना खायला घाला, पाहुण्यांना पाणी द्या. दफनभूमीत माती देताना घाई करू नका, पोरांना पण मूठभर माती द्यायला लावा. पुनरुत्थानाचं बोलायची खरी वेळ दोन महिन्यांनी येते, सगळे पाहुणे गेल्यावर, जेव्हा ती बाई संध्याकाळी एकटी बसते. तेव्हा जाऊन पंधरावा अध्याय हळूहळू वाचा, समजावत बसू नका, नुसता वाचा. अरे मरणा, तुझी नांगी कोठे, हे तिथं आलं की थांबा जरा. आणि ईस्टरला पहाटे तिला दफनभूमीतल्या उपासनेला घेऊन जा. अंधारात मेणबत्त्या घेऊन कबरींमध्ये उभं राहून आपण गातो आणि हळूहळू उजाडतं, ते तिच्या माणसाच्या कबरीजवळ उभं राहून तिनं ऐकू दे.

शेवटचं, या दोन्हीची गाठ कशी बसते

पंधराव्या अध्यायाचा शेवट बघा. तुतारी वाजली, मरण गिळलं गेलं, आणि मग शेवटचं वचन, स्थिर राहा, तुमचे श्रम प्रभूमध्ये व्यर्थ नाहीत. श्रम! आणि पुढच्याच वचनात, सोळाव्याच्या पहिल्या ओळीत, आता वर्गणीविषयी, दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं काहीतरी बाजूला काढावं. तुतारीवरनं थेट वर्गणीवर. पौलाला त्यात काही अंतरच वाटलं नाही.

माझी आत्ती आमच्या मंडळीत आयुष्यभर चहा करायची आणि वाकळ, म्हणजे गोधडी शिवायची. मंडळीत बाळ जन्मलं की जुन्या सुती लुगड्यांची छोटी वाकळ, धावदोरा इतका बारीक की मशीनचा वाटावा. कुणी कृपादानाचं काढलं की म्हणायची, मला काय येतंय, मी नुस्ता चहा करतो. ती गेली त्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात बसलो होतो तर एक बाई हातात घडी घालून वाकळ घेऊन आली, मग दुसरी, मग एक कॉलेजचा पोरगा, पार विटलेली, कड उसवलेली, म्हणाला ही माझी. अकरा वाकळा जमल्या खाटेवर. प्रेषितांच्या नवव्या अध्यायात तबीथा मेली तेव्हा विधवा पेत्राला तिनं शिवलेले कपडे दाखवत रडत उभ्या होत्या, हुबेहूब तसंच. तबीथाला पेत्रानं उठवलं, पण ती पुढं कधीतरी परत वारलीच असणार. आत्तीला कुणी उठवलं नाही. तिला आम्ही माती दिली, कांडी दाबावी तशी, आणि तिच्या उठण्याची वाट बघतोय.

तिची एक वाकळ निम्मी राहिलीय, सुई अजून तशीच टोचलेली होती. महिला मंडळातल्या दोघी आणि तो सीएनसीवाला पोरगा, हो तोच, त्याचा हात लई सरळ चालतो, असे तिघं ती पुरी करायला घेऊन बसलेत. मंडळीत पुढच्या महिन्यात एक बाळ येणार आहे. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी या, सुई आपली आपली आणा, दोरा आत्तीचा भरपूर शिल्लक आहे.